रोगी कोणत्या पॅथीचा?

आमच्या घरी औषधे दोन ठिकाणी ठेवलेली असतात. डॉक्टरांच्या गोळ्या कपाटात, आणि वैद्यांची चूर्णे व काढे देवघराशेजारच्या कोनाड्यात. दवाखान्यात गेल्यावर कोनाड्यातल्या औषधांविषयी बोलायचे नाही, आणि वैद्यांकडे गेल्यावर गोळ्यांचा विषय काढायचा नाही, हा घरातला अलिखित नियम. तो मोडण्याचे धाडस मीही कधी केले नव्हते.

गेल्या वर्षी या नियमाची किंमत कळली. माझे काका वडगावात यंत्रमागावर काम करतात. त्यांना भगंदर झाला. एकदा शस्त्रक्रिया झाली, वर्षाच्या आत दुखणे पुन्हा उलटले. कुणीतरी क्षारसूत्राचा उपाय सुचवला. डॉक्टर म्हणाले, "दोरा बांधून कुठे रोग बरा होतो काय?" वैद्य म्हणाले, "कापायला गेलात, म्हणूनच उलटला." काकांनी मला गाठले. "काय रे, तू सायन्सला आहेस न्हवं? मग सांग बघू, ह्यातलं खरं कोण?"

मला उत्तर देता आले नाही, याची लाज वाटली. मग मी शोध घेतला.

क्षारसूत्र म्हणजे सुश्रुताच्या परंपरेतला औषधी दोरा. निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे एकूण २१ लेप देऊन तो तयार करतात. भगंदराच्या नाडीतून ओवून तो दर आठवड्याला बदलतात. मागे पडलेला हा उपाय काशी हिंदू विश्वविद्यालयात डॉ. पी. जे. देशपांडे यांनी पुन्हा प्रचारात आणला. पुढे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने अनेक केंद्रांवर त्याची शस्त्रक्रियेशी तुलना केली. कोणत्या रोग्याला कोणता उपचार, हे एक प्रकारे चिठ्ठ्या टाकूनच ठरवले होते. १९९१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेची जखम सुमारे ४ आठवड्यांत भरली, दोऱ्याला ८ आठवडे लागले. परंतु वर्षभरात रोग उलटण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतर ११ टक्के होते, तर दोऱ्यानंतर ४ टक्के.

म्हणजे दोघेही खरे, आणि दोघेही अर्धेच! ज्याला लवकर कामावर जायचे आहे त्याला एक आकडा महत्त्वाचा, ज्याला पुन्हा दुखणे नको आहे त्याला दुसरा. निवड रोग्याने करायची, पण त्यासाठी दोन्ही आकडे त्याच्या कानावर तर पडायला हवेत. माझ्या काकांना ते कुणीच सांगितले नव्हते.

२०२० साली आयुर्वेदाच्या पदव्युत्तर वैद्यांना ५८ शस्त्रक्रियांची मुभा देणारी अधिसूचना निघाली, तेव्हा देशभर डॉक्टरांनी निदर्शने केली. सुरी कुणाच्या हाती असावी, यावर पुष्कळ वाद झाला. प्रशिक्षणाचा प्रश्न महत्त्वाचा आहे, हे मलाही मान्य आहे. परंतु कोणत्या दुखण्यात कोणत्या उपायाने किती जणांना गुण येतो, हे मोजण्यासाठी मात्र कुणी मोर्चा काढला नाही.

आयुर्वेदाचे अभिमानी म्हणतात, प्रत्येकाची प्रकृती निराळी. मग शंभर जणांना एकच औषध देऊन परीक्षा कशी घेणार? आक्षेप खरा आहे, पण त्यावर तोड निघू शकते. कोइमतूर येथे संधिवाताच्या ४३ रोग्यांवर झालेल्या एका प्रयोगाची माहिती २०११ साली प्रसिद्ध झाली. एका गटाला आयुर्वेदिक औषधे, दुसऱ्याला मेथोट्रेक्सेट, तिसऱ्याला दोन्ही. वैद्यांना रोग्यागणिक औषध ठरवण्याची मोकळीक होती. ज्याला जे खरे औषध द्यायचे नव्हते, त्याला त्याच्यासारखे दिसणारे लटके औषध दिले. खरे कोणते हे रोग्यालाही माहीत नव्हते आणि उपचार करणाऱ्यांनाही नाही. तिन्ही गटांत गुण जवळजवळ सारखाच आला. ४३ हा आकडा लहान आहे, त्यावरून विजयाचे नगारे वाजवू नयेत. पण प्रयोगाची आखणी दोघांनी मिळून केली, तर कुणाचेही शास्त्र मोडावे लागत नाही, एवढे त्यातून नक्की दिसले.

"झाडपाल्याचे औषध, त्याने अपाय कसला?" ही आपली दुसरी भ्रामक समजूत. २००४ साली अमेरिकेतील बोस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. साधा ज्येष्ठमधसुद्धा फार दिवस घेतला, तर रक्तदाब वाढू शकतो. म्हणून गुणाबरोबर अपायाचीही नोंद झालीच पाहिजे, मग औषध कपाटातले असो की कोनाड्यातले.

मित्रहो, आपल्या बेळगावात आयुर्वेद महाविद्यालय आहे, मेडिकल कॉलेजे आहेत, आणि पारंपरिक वैद्यकावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्थाही आहे. एवढे सगळे एका गावात असताना रोग्याने एकाकडून दुसऱ्याकडे चोरून का जावे? मोठे संशोधन मोठी माणसे करतील. पण सुरुवात केसपेपरवरच्या एका प्रश्नाने होऊ शकते: "दुसरे कोणते औषध चालू आहे?" तो मराठीत विचारा, कन्नडमध्ये विचारा, पण न रागावता विचारा. आणि उत्तर लिहून ठेवा. लिहिलेलेच पुढे मोजता येते.

काकांनी दोन्ही आकडे ऐकले आणि विचार करून दोरा पत्करला. जखम भरली आहे. पण वर्ष अजून पुरे झालेले नाही, म्हणून रोग गेला असे मी लिहीत नाही.

आमची आजी रक्तदाबाची गोळी घेते आणि खोकल्यासाठी ज्येष्ठमधाचा काढाही घेते. परवा तिला दवाखान्यात नेले, तेव्हा घरचा नियम मोडून मी डॉक्टरांना काढ्याचे सांगितले. आजीने माझ्याकडे डोळे वटारून पाहिले. डॉक्टर मात्र रागावले नाहीत. त्यांनी तो किती दिवस चालू आहे ते विचारले, आणि कागदावर लिहून घेतले.