पहिली बंदूक आणि अण्णांचे घोंगडे

शेतकऱ्याच्या पोराने पहिली बंदूक कोणती घ्यावी, या प्रश्नाला आमच्या खानापूर तालुक्यात हमखास चुकीचे उत्तर मिळते. एक म्हणतो, पिस्तूल घे, कमरेला शोभते. दुसरा म्हणतो, दुनळीच घे, एक बार फुकट गेला तर दुसरा आहे. तिसरा म्हणतो, पैसे कमी असतील तर कुणाची तरी जुनी उचल. या तिघांशीही माझे भांडण आहे.

खंडेनवमीला आमच्या घरी विळे-कोयते पुजले जातात. पुतण्या हात जोडून म्हणाला, "काका, पुढच्या साली हितं पिस्तूल ठेवतो बघा." त्याचा राग खोटा नाही. पिकात आलेले भात रानडुकरे एका रात्रीत लोळवतात, ते मीही पाहिले आहे. काजू विकून त्याने चार पैसे बाजूला टाकले आहेत. पण ते पिस्तुलात घालायचे?

1959 चा शस्त्र कायदाच याचे उत्तर देतो. पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक, आणि संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान 20 इंच लांब, आतून गुळगुळीत नळीची बंदूक, यांना कलम 13 मध्ये वेगळे स्थान आहे. राखणीला ठासणीची पुरत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर दुसरी गुळगुळीत नळीचीही मिळू शकते. पिस्तुलासाठी मात्र सबळ कारण दाखवावे लागते. आणि 'कमरेला शोभते' हे कारण नव्हे. काहींनी त्याला मराठी बाणाही चिकटवला आहे. बाणा दाखवायचा असेल तर गावातली मराठी शाळा टिकवून दाखवा.

दुनळीवाल्यांना सांगतो, नवख्याच्या हातात दुसरी नळी म्हणजे विसरलेले काडतूस. साधी बारा बोअरची एकनळी मोडून उघडली की नळीतून पलीकडचे आभाळ दिसते. रिकामी आहे की भरलेली, याला तर्क लागत नाही. पहिल्या बंदुकीत यापेक्षा मोठा गुण नाही.

जुनी स्वस्त मिळते, खरे. पण लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या नळ्या काळ्या दारूसाठी होत्या, आजच्या काडतुसाने त्या फुटू शकतात. काही जुन्या बंदुकांत काडतुसाचे घर अडीच इंची असते. पावणेतीन इंची काडतूस त्यात बसते आणि उडताना दाब नको तेवढा वाढतो. जाणकार कारागिराला दाखवल्याखेरीज जुन्याला हात लावू नये.

आणि बंदुकीची किंमत म्हणजे सगळा खर्च नव्हे. परवाना 2019 च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांचा झाला, पूर्वी तीनचा होता. पण नूतनीकरणाच्या खेपा आहेतच. काडतुसे, कुलपाचे कपाट, 2016 च्या नियमांतले सुरक्षिततेचे शिक्षण, निवडणूक आली की ठाण्यात बंदूक जमा करण्याची धावपळ. पुतण्याने यातले काहीच हिशेबात धरले नव्हते.

मीही धरले नव्हते. 1979 साली वडिलांची ठासणीची बंदूक घेऊन मी राखणीला बसलो. परवाना त्यांचा, म्हणजे मी चाप ओढणे हाच गुन्हा. मध्यरात्री शेजारच्या बांधावर खसफस झाली. बॅटरी घरी राहिली होती. मी बार काढला. छर्रे शेजाऱ्याच्या माळ्यावर गेले. ते कानडी, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. ते पाणी प्यायला खाली उतरले होते, ती खसफस त्यांचीच. माळ्यावर नुसते अंथरलेले घोंगडे होते. अण्णांनी ते कंदिलापुढे धरले, भोके बोटाने मोजली आणि एवढेच म्हणाले, "मोदल नोडो, आमेल होडी." आधी बघ, मग मार.

ठाण्यात ते गेले नाहीत. जाते तर योग्यच झाले असते.

आणखी एक. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. गवा 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि रानडुकरावरही मनाला येईल तेव्हा बार टाकता येत नाही. छर्ऱ्यांनी अर्धवट जखमी झालेले जनावर दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी बायकापोरांसमोर उभे राहते, हे टपरीवरचे जाणकार सांगत नाहीत.

म्हणून पुतण्याला सांगितले: आधी चांगली बॅटरी, मग शिक्षण, मग कपाट आणि कुलूप. उरलेल्या पैशात साधी एकनळी. पैसे त्याआधीच संपले तर संपू देत, बांधाला कुंपण घाल. तो रुसला आहे. दिवाळीला फराळाला येईल तेव्हा अण्णांच्या मुलालाही बोलावले आहे. ते घोंगडे अजून त्यांच्या घरी आहे. घेऊन ये म्हटले आहे.