सरकार स्वयंपाकघरात केव्हाच आलेलं आहे

२०२५च्या जुलैमध्ये समोसा आणि जिलबी एकाएकी राष्ट्रीय प्रश्न होऊन बसले. घडलं होतं ते साधंच. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सरकारी कार्यालयांना पत्र पाठवून उपाहारगृहांत आणि बैठकीच्या दालनांत तेल-साखरेचे फलक लावायला सांगितलं होतं. नेहमीच्या खाण्यात किती तेल, किती साखर दडलेली असते, ते त्यावर लिहायचं होतं. नागपूरच्या एम्समध्ये असे फलक लागणार, अशी बातमी आली आणि बघता बघता तिचा पार विपर्यास झाला. सिगारेटच्या पाकिटासारखा इशारा आता समोशावर येणार, म्हणून ओरड झाली. मग समोशाच्या संस्कृतीवर भाषणं झाली आणि शेवटी सरकारनेच खुलासा केला की, विक्रेत्यांच्या पदार्थांवर इशारा छापायचा आमचा बेत नाही आणि भारतीय पदार्थांवर आमचा रोखही नाही.

त्या गदारोळात एका वाक्याला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या: ‘आम्ही काय खावं हे सरकारने शिकवू नये.’ वाक्य ऐकायला बाणेदार आहे. महाराष्ट्राला ते नवीनही नाही. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्यावेळी सरकारने घरात हात घालू नये, हाच सूर लागला होता. निदान तेव्हा सरकार परकं होतं. आजचा आक्षेप मात्र एका कल्पित चित्रावर उभा आहे. त्या चित्रात नागरिक आपल्या मर्जीने ताट वाढून घेतो आणि सरकार दाराबाहेर उभं असतं.

प्रत्यक्षात सरकार स्वयंपाकघरात केव्हाच आलेलं आहे. रेशनवर माणशी पाच किलो धान्य मिळतं, ते बहुतेक ठिकाणी गहू आणि तांदूळ असतं. ज्वारी-बाजरीवर जगलेल्या सोलापूर-नगरकडच्या घरांत चपाती आणि भात मुख्य झाले, त्यामागे हे धोरण नाही असं कोण म्हणेल? साखरेची किमान विक्री किंमत सरकार ठरवतं, २०१९मध्ये ती किलोला एकतीस रुपये झाली. उसाचा रास्त दर सरकार ठरवतं. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलाचा निम्म्याहून अधिक भाग परदेशातून येतो आणि त्यात पामतेलाचा वाटा मोठा. ते स्वस्त की महाग, हे आयात शुल्कावर ठरतं आणि शुल्क सरकार ठरवतं. तेव्हा ‘ताटात ढवळाढवळ नको’ म्हणणाऱ्यांनी आधी हे सांगावं की, आज चालू असलेली ढवळाढवळ त्यांना दिसत नाही की चालते?

आता सरकारची बाजू घेणाऱ्यांकडे वळतो, कारण तिथेही टाळ्यांपलीकडे फारसं काही नाही. २०२५चं पंचांग उघडून पाहा. जानेवारीच्या अखेरीस आलेल्या आर्थिक पाहणी अहवालाने अतिप्रक्रिया केलेल्या खाद्यपदार्थांवर चढा ‘आरोग्य कर’ लावावा, असं सुचवलं. फेब्रुवारीत पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये घराघरांत दहा टक्के कमी तेल वापरण्याचं आवाहन केलं आणि आनंद महिंद्रांपासून मनू भाकरपर्यंत दहा जणांना पुढे आणखी दहा-दहा जण जोडायला सांगितलं. मेअखेरीस कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क वीस टक्क्यांवरून दहावर आलं. पंधरा ऑगस्टला लाल किल्ल्यावरून तेल कमी करण्याचं आवाहन पुन्हा झालं. आणि बावीस सप्टेंबरपासून बिस्किटं, चॉकलेट, फरसाण, आइस्क्रीम, इन्स्टंट नूडल्स यांच्यावरचा जीएसटी बारा किंवा अठरा टक्क्यांवरून पाचावर उतरला.

तोंडाने ‘कमी खा’ आणि हाताने ‘घ्या, स्वस्त केलंय’, असा हा कारभार. न्यायाने बोलायचं तर आयात शुल्क महागाईसाठी कमी झालं. गरिबाच्या घरी तेल महागावं, अशी माझीही इच्छा नाही. गोड फसफसत्या पेयांवर चाळीस टक्क्यांचा बोजा कायम राहिला आणि व्यायामशाळांवरचा करही अठरावरून पाचावर आला, हेही नोंदवायला हवं. पण व्यायामशाळेची वर्गणी भरणारा माणूस आणि शाळेच्या दारात पाच रुपयांचा पुडा घेणारं पोर, यांपैकी धोरणाने आधी कोणाचा विचार करायचा? कर घटल्यावर पाच रुपयांचा पुडा पाचाचाच राहिला, तर त्यातला माल तेवढा वाढतो. मंत्रालयाच्या त्याच पत्रात सरकारी पाकिटांवर आणि लेटरहेडवर आरोग्याचे संदेश छापायचीही सूचना होती. लिफाफ्याने वजन कमी होत असतं, तर आपल्या कार्यालयांत एकही जाड माणूस उरला नसता.

‘हे सगळं ठीक, पण शेवटी तोंडावर ताबा ज्याचा त्यानेच ठेवायचा ना?’ हा दुसरा आक्षेप. हा बहुधा बारीक माणसं घेतात. २०१८च्या सुमारास महाराष्ट्रात ‘दीक्षित की दिवेकर’ हा दोन आहारसल्लागारांवरून पेटलेला वाद लग्नाच्या पंगतींतही रंगत होता. दोनदाच जेवायचं की दर दोन तासांनी थोडंथोडं खायचं, यावर घरं फुटायची बाकी होती. त्या वादात मला एक गोष्ट खटकत राहिली. दोन्ही बाजूंनी असा माणूस गृहीत धरला होता, ज्याचं जेवण त्याच्या हातात आहे. बारा तासांच्या पाळीवर उभा असलेला सुरक्षारक्षक, विरारहून गर्दीच्या लोकलने येणारी आणि रात्री नऊला घरी पोचणारी बाई, वसतिगृहात राहणारा पोरगा यांच्या आसपास जे विकायला ठेवलेलं असतं, तेच ते खातात. त्यांचा संयम कमी नसतो, त्यांच्यापुढचे पर्याय कमी असतात.

‘आजी वाटीभर तूप खायची, तिला कुठे काय झालं?’ हेही त्यातलंच. आजी पाणी शेंदायची, जात्यावर दळायची. आणि जी आजी चाळिशीतच गेली, तिचा दाखला कोणी देत नाही.

याहून गंभीर आक्षेप भूक डोळ्यांसमोर असलेल्यांचा आहे. मेळघाटात बालकं कुपोषणाने मरतात आणि तुम्हाला लठ्ठपणाची चिंता? हा तर खाऊन-पिऊन सुखी लोकांचा आजार! या आक्षेपामागची कळकळ खरी आहे, पण त्यातलं विज्ञान जुनं झालं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. त्याच पाहणीत राज्यातल्या सुमारे २३ टक्के स्त्रिया आणि जवळपास २५ टक्के पुरुष वाजवीपेक्षा जास्त वजनाचे होते. दोन्ही आकडे एकाच राज्याचे, पुष्कळदा एकाच वस्तीचे.

ते एकत्र का नांदतात, याचं उत्तर शोधण्यात पुण्याचा मोठा हात आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा माग ठेवला. बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच कमी वजनाची होती, स्नायू कमी होते, पण चरबी त्या मानाने टिकून होती. वरून बारीक, आतून चरबीचं, अशी ही घडण गर्भातच होते. याज्ञिकांनी २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि इंग्लंडमधल्या जॉन युडकिन या डॉक्टर मित्राचा फोटो शेजारीशेजारी छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणजे पोटात असताना उपाशी राहिलेलं मूल पुढे शहरात येऊन बिस्किट-वडापाववर जगू लागलं की मधुमेहाच्या वाटेला लागतं. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीतून २०२३मध्ये दहा कोटींहून अधिक मधुमेही आणि जवळपास चाळीस टक्के प्रौढांमध्ये पोटाचा स्थूलपणा निघाला, तो सगळा श्रीमंतांच्या बंगल्यांतला नव्हे. कुपोषण आणि लठ्ठपणा यांतून आधी कोणता निवडायचा, हा प्रश्नच चुकीचा आहे. चांगलं अन्न मिळत नाही, हे दोन्हींचं मूळ.

मग करायचं काय? इथे शहाणे लोक डेन्मार्कचा दाखला काढतात. तिथे २०११मध्ये संपृक्त चरबीवर कर आला आणि सव्वा वर्षात गुंडाळावा लागला. खरं आहे. लोणी-चीजसारख्या रोजच्या जिनसांवर तो कर होता आणि लोक सीमा ओलांडून जर्मनीत खरेदीला जात होते. त्यातून चुकीच्या जागी बसवलेल्या कराचं काय होतं ते कळतं, त्याहून अधिक काही नाही. मेक्सिकोने २०१४पासून साखरेच्या पेयांवर लिटरला एक पेसो कर लावला. पहिल्याच वर्षी त्यांची खरेदी सुमारे सहा टक्क्यांनी घटली. ब्रिटनने तर करच असा रचला की पेयात साखर जितकी जास्त, तितका बोजा जास्त. घोषणा २०१६ची आणि अंमल एप्रिल २०१८चा. मधल्या दोन वर्षांत कंपन्यांनी मुकाट्याने साखर कमी केली. करामुळे मेक्सिको सडपातळ झाला, असा दावा कोणी करत नाही, मीही करणार नाही. एका कराने लठ्ठपणा जात नाही. पण ग्राहकाला एक शब्दही न सुनावता बाटलीतली साखर कमी झाली, हे कोणत्याही आवाहनाने साधलेलं नाही.

आणि परदेशातच कशाला जायचं? आपल्याकडच्या ट्रान्स फॅटचं उदाहरण आहे. वनस्पती तुपातली ही चरबी हृदयाला सर्वांत घातक मानली जाते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तेल-तुपातली तिची मर्यादा जानेवारी २०२१मध्ये तीन टक्क्यांवर आणि जानेवारी २०२२मध्ये दोन टक्क्यांवर आणली. बेकरीतली खारी बंद पडली नाही, कोणाचं स्वातंत्र्य बुडालं नाही, रस्त्यावर मोर्चा निघाला नाही. बहुतेकांना तर हे घडल्याचंही ठाऊक नाही. चांगला नियम असाच असतो.

त्याच प्राधिकरणाची वेष्टनावरच्या इशाऱ्याची कथा मात्र वेगळी आहे. २०१८च्या मसुद्यात साखर, मीठ, चरबी जास्त असलेल्या मालावर लाल खूण सुचवली होती. २०२२च्या मसुद्यात लाल खूण जाऊन तारे आले. बरं-वाईट एकत्र मोजून एकूण गुण द्यायचे, म्हणजे भरपूर साखरेच्या खाण्यात थोडा सुकामेवा किंवा तंतू घातला की तारे वाढले. तारा पाहिल्यावर माणूस वस्तू परत ठेवतो की पिशवीत टाकतो? चिलीने २०१६मध्ये तारे-बिरे न देता काळा अष्टकोन छापला, ‘साखर जास्त’, ‘मीठ जास्त’ असं सरळ लिहिलं आणि अशा मालाच्या पुड्यांवरून मुलांना भुलवणारी कार्टूनची चित्रं काढायला लावली. खुणा आलेल्या पेयांची खरेदी तिथे जवळपास चतुर्थांशाने घटली. आपल्याकडे हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, एप्रिल २०२५मध्ये न्यायालयाने तीन महिन्यांची मुदत घातली आणि ती पुढे वाढली. शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरांत असे पदार्थ विकू नयेत, हा २०२०चा नियमही पुस्तकात आहे. आपल्या गल्लीतल्या शाळेसमोर उभं राहून तो किती पाळला जातो ते पाहावं.

व्यायामाबद्दल थोडक्यात. ‘फिट इंडिया’ची सुरुवात २९ ऑगस्ट २०१९ला राष्ट्रीय क्रीडादिनी झाली. शपथा झाल्या, ॲप आलं, बागांतून ओपन जिमच्या रंगीत सांगाड्यांच्या रांगा लागल्या. २०२२ची स्थिती सांगणाऱ्या एका जागतिक अभ्यासानुसार आपल्याकडच्या निम्म्या प्रौढांची शारीरिक हालचाल अपुरी आहे; बायकांत हे प्रमाण ५७ टक्के. बाईने चालावं, पण कुठे? पदपथावर दुचाकी चढलेल्या, कडेला खोदकाम आणि संध्याकाळी दिवे बंद. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोकळा पदपथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. महापालिकेने रुंद पदपथ आणि चालू दिवे दिले तर शपथेची गरज कोणाला?

तेव्हा सरकारने ताटात डोकावू नये म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहेच, पण त्याहून मोठं भांडण उपदेश करून मोकळ्या होणाऱ्या सरकारशी आहे. तेल कमी वापरा असं बायकांना सांगणं सोपं. साखर कमी घाला असं कारखानदाराला सांगणं अवघड. रेशनवर ज्वारी आणि डाळ, पुड्याच्या दर्शनी बाजूला मराठीत ठळक इशारा, बिस्किटावर साखरेच्या प्रमाणात कर आणि त्यातून मिळालेल्या पैशातून शालेय पोषण आहारात अंडं, एवढं केलं तर दहा टक्क्यांचं आवाहन ऐकायला माझी हरकत नाही.

प्राधिकरणाचे मसुदे हरकती-सूचनांसाठी खुले होतात. २०२२च्या मसुद्यावर हजारो हरकती आल्या होत्या. खाद्य कंपन्या आपलं म्हणणं नेमाने आणि वकिलांकरवी मांडतात. वेष्टनाचा पुढचा मसुदा येईल तेव्हा तारे नकोत, इशारा हवा, एवढं एक पत्र तुम्हीही धाडा.