करड्या छटांचा खरेपणा

रंगीत छायाचित्र काढण्यास आज काहीच कष्ट पडत नाहीत. खिशातील फोन काढून बोट टेकविले की लाल कौले, हिरवी केळ आणि आईची निळी साडी जशीच्या तशी समोर येतात. असे असता रंग मुळीच न ओळखणारा कॅमेरा कोणी मुद्दाम तयार करावा, आणि लोकांनी कित्येक लाख रुपये मोजून तो घ्यावा, हे ऐकून कोणासही नवल वाटेल. परंतु जर्मनीतील लायका कंपनीने २०१२ साली असा कॅमेरा काढला, आणि पुढे २०१५, २०२० व २०२३ मध्ये त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्याही निघाल्या. आपण तो विकत घ्यावा असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. त्याच्यापासून शिकण्यासारखी एक गोष्ट मात्र आहे, आणि ती साध्या फोनलाही लागू पडते.

प्रथम त्याची रचना पाहू. ह्या जातीच्या कॅमेऱ्यास रेंजफाइंडर म्हणतात. छायाचित्रकार येथे भिंगातून पाहत नाही, तर वरच्या कडेच्या एका लहानशा खिडकीतून पाहतो. खिडकीच्या मध्यभागी एक उजळ चौकोन असून त्यात समोरच्या वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. भिंगाचे कडे फिरवून त्या एकमेकींवर बरोबर बसविल्या, की अंतर जुळले असे समजावयाचे. ही युक्ती जुनी आहे. लायका कंपनीने १९३२ साली ती भिंगाशी जोडली, आणि १९५४ च्या एम ३ ह्या कॅमेऱ्यात अंतर जुळविणे व चौकट पाहणे ही दोन्ही कामे एकाच खिडकीतून होऊ लागली. फिल्मऐवजी डिजिटल सेन्सर असलेला पहिला रेंजफाइंडर २००४ साली जपानच्या एप्सन कंपनीने काढला.

आता रंगाकडे वळू. सेन्सर म्हणजे प्रकाश मोजणाऱ्या अतिसूक्ष्म घरांची एक जाळी होय. ही घरे प्रकाश किती पडला एवढेच जाणतात. तो कोणत्या रंगाचा, हे त्यांस कळत नाही. म्हणून नेहमीच्या कॅमेऱ्यात त्यांच्यावर रंगीत गाळण्या बसवितात. दर चार घरांपैकी दोहोंवर हिरवी, एकावर तांबडी व एकावर निळी. कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर ह्यांच्या ह्या योजनेस १९७६ साली पेटंट मिळाले. प्रत्येक घराचे उरलेले दोन रंग कॅमेरा शेजारच्या घरांवरून अनुमानाने भरतो. कृष्णधवल सेन्सरवर ह्या गाळण्याच नसतात. त्यामुळे अधिक प्रकाश आत येतो आणि बारकावे अधिक स्पष्ट उमटतात.

परंतु ह्याची किंमतही द्यावी लागते. खिडकीतून जग रंगीतच दिसत असते, आणि चित्रात मात्र करड्या छटाच उतरतात. तांबडे जास्वंदीचे फूल आणि त्याची हिरवी पाने सारख्याच उजेडाची असली, तर दोन्ही एकाच करड्या रंगात मिसळून जातात. ती वेगळी दिसावयास हवी असतील, तर भिंगापुढे रंगीत काच लावावी लागते. पिवळ्या काचेने निळे आकाश किंचित गडद होऊन ढग उठून दिसतात. तांबड्या काचेने आकाश जवळजवळ काळे होते, आणि माणसाची त्वचा उजळ दिसते. रंगीत कॅमेऱ्याने काढलेले चित्र नंतर संगणकावर कृष्णधवल करताना हेच काम एखादी पट्टी सरकवून होते.

आणि येथेच प्रामाणिकपणाची कसोटी लागते. उन्हात रापलेला, सावळा चेहरा केशरी-तांबड्या छटांची पट्टी जरा सरकविली की गोरा होतो. पाहणाऱ्यास काही केल्याची शंकाही येत नाही, कारण मूळ रंग तेथे नसतातच. आपल्याकडे गोरेपणाचा सोस किती आहे हे सांगावयास नको. मुलीचे स्थळ पाहण्यासाठी पाठविलेल्या छायाचित्रात तिचा वर्ण बदलला, तर पाहणाऱ्याची फसवणूक होतेच. शिवाय तिचा स्वतःचा चेहरा पुरेसा चांगला नाही, असे घरच्यांनीच तिला सांगितल्यासारखे होते. हा घाव लवकर भरत नाही.

ह्याचा अर्थ चित्रावर काहीच संस्कार करू नये असा नव्हे. पांढरे धोतर नेसलेले आजोबा अंगणात उभे असले, तर त्या पांढऱ्यामुळे कॅमेरा फसतो आणि चेहरा वाजवीपेक्षा काळा उतरवितो. तो चेहरा नंतर डोळ्यांना दिसत होता तेवढा उजळणे, हे योग्यच. मात्र पांढऱ्याची काळजी आधीच घ्यावी. सेन्सरचे घर प्रकाशाने भरून गेले की तेथील चुण्या कायमच्या नाहीशा होतात. काळोखातील तपशील पुष्कळसा परत मिळविता येतो.

थोर छायाचित्रकारांनाही हा मोह सुटला नाही. यूजीन स्मिथ ह्यांनी लांबारेने येथील डॉ. आल्बर्ट श्वाइट्झर ह्यांच्यावर केलेली चित्रमाला १९५४ साली ‘लाइफ’ साप्ताहिकात आली. तीतील एका प्रसिद्ध चित्राच्या खालच्या कोपऱ्यात दिसणारा हात व करवतीची मूठ दुसऱ्याच निगेटिव्हमधून आणून जोडलेली होती. चित्र सुंदर झाले खरे. परंतु घडलेल्या क्षणाचा पुरावा म्हणून त्याचे मोल उणे झाले.

तेव्हा घरातील छायाचित्रांस एक साधा नियम लावावा. जे डोळ्यांनी पाहिले होते आणि यंत्राने हरविले, ते परत आणावे. जे तेथे नव्हतेच, ते घालू नये. फोनवर कृष्णधवल चित्र करताना मूळ रंगीत प्रत जपून ठेवावी. आणि ज्याचा चेहरा आहे त्याला चित्र दाखवून विचारावे, “हा तूच ना?” त्याने निःशंक मनाने होकार दिला, म्हणजे ते चित्र भिंतीवर लावण्यास योग्य झाले.