आधी घड्याळ, मग खून

वर्गात ‘उत्कंठा’ हा शब्द निघाला की एखादा चुणचुणीत विद्यार्थी हटकून विचारतो, “सर, रहस्यपटात खून पहिल्याच दृश्यात हवा, नाही का?” मी सांगतो, बाबा रे, खुनाची घाई करू नकोस. आधी प्रेक्षकाच्या हाती घड्याळ दे.

ऑर्सन वेल्सचा ‘टच ऑफ ईव्हिल’ १९५८ साली पडद्यावर आला. त्याची सुरुवात पाहा. दोन हात टाइमबाँबचे घड्याळ लावतात. एक सावली पळत जाऊन तो बाँब मोटारीच्या डिकीत ठेवते. एक श्रीमंत गृहस्थ आणि एक नर्तकी हसतखिदळत येऊन त्याच मोटारीत बसतात. झाले! यापुढे दिग्दर्शकाने काहीच केले नाही तरी आपला जीव टांगणीला लागलेला. पण वेल्स गप्प बसणारा नव्हे. कॅमेरा क्रेनवर चढून घरांच्या छपरांवरून गावात फिरतो. मोटार वाटेत अडते, बकऱ्या आडव्या येतात, आणि एक नवपरिणीत जोडपे तिच्या अगदी शेजारून रमतगमत चालू लागते. त्यांना काही ठाऊक नाही. ठाऊक आहे ते फक्त आपल्याला. नाक्यावर नर्तकी कुरकुरते की डोक्यात कसलीशी टिकटिक ऐकू येते, आणि तिकडे कोणी लक्षही देत नाही! हे सारे सुमारे सव्वातीन मिनिटे, मध्ये एकही काट न घेता.

गोष्ट मेक्सिकोच्या सरहद्दीवरची, पण चित्रण झाले कॅलिफोर्नियातल्या व्हेनिस गावी, रात्रभर जागून. सगळे जमून यायचे आणि शेवटी नाक्यावरचा अधिकारी झालेला नट आपले वाक्य विसरायचा. म्हणजे मोटार, बकऱ्या, माणसे, सारी वरात पुन्हा मागे! पहाट होऊ लागली तेव्हा वेल्सने त्याला सांगितले, नुसते ओठ हलव, आवाज मागाहून भरू. नायक झालेला चार्ल्टन हेस्टन ही हकीकत मोठ्या रंगाने सांगत असे.

एवढ्या खटाटोपावर युनिव्हर्सल कंपनीने काय करावे? संकलन वेल्सच्या हातून काढून घेतले आणि याच दृश्यावर नामावली छापून हेन्री मॅन्सिनीचे संगीत वाजवले. संगीत झकास आहे, यात वाद नाही. पण डोळे नावे वाचू लागले की मोटारीकडे कोणी पाहायचे? वेल्सने १९५७ च्या डिसेंबरात कंपनीला ५८ पानांचे टिपण धाडले. त्याला तेथे नावे नकोत, रस्त्याचेच आवाज हवेत: गुत्त्यांतली गाणी, मोटारीतला रेडिओ. कंपनीने त्यातले फारच थोडे मानले.

त्या टिपणाप्रमाणे वॉल्टर मर्चने १९९८ साली चित्रपट नव्याने जुळवला. नावे शेवटी गेली आणि ती मोटार कानांनीही ओळखता येऊ लागली. वेल्स १९८५ सालीच वारला होता.