सोलापूर-गोवा विमान एका तासाचं. पण सांगोल्याच्या माणसाला किती तास?

सोलापूर : सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली. त्यानंतर दोन वर्षांनी, जून २०२५ मध्ये होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झालं. 'गोवा आता तासाभरात' असे मेसेज गावोगावच्या ग्रुपवर फिरले. मेसेज खोटा नाही, पण अर्धाच आहे.

सोलापूर ते गोव्यातला मोपा विमानतळ हे सरळ रेषेत अंतर साधारण ३०० किलोमीटर. तेच सोलापूर ते पणजी रस्त्याने ४०० च्या पुढे जातं, कारण रस्त्याला घाट आणि वळणं आहेत. या मार्गावरचं विमान पंख्याचं, ७० च्या आसपास सीटांचं एटीआर. आकाशात ते ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास पळतं. त्या हिशेबाने ३६ मिनिटांत पोचायला हवं. मग तास का लागतो? विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे थांबेपर्यंतचा वेळ धरतात. धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, उतरताना वेग कमी करणं, सगळं त्यातच आलं. अंतर कमी असलं तरी हा वेळ वाचत नाही.

खरा हिशेब मात्र घराच्या उंबऱ्यापासून करायचा.

अक्कलकोटचा माणूस घ्या. विमानतळापर्यंत एक तास, तिथं दीड तास आधी हजर, विमानात एक तास, बाहेर पडायला अर्धा तास, मोपाहून पणजी पाऊण तास. झाले पावणेपाच तास. गाडीने गेला तर नऊ-दहा तास. म्हणजे निम्मा वेळ वाचला.

आता सांगोला. गोव्याला जायचं तर सांगोल्याची गाडी मिरज-कोल्हापूरकडे निघते. विमानासाठी मात्र आधी ८० किलोमीटर उलटं सोलापूरला यायचं. त्यात दोन तास गेले. बाकी वेळ तोच. एकूण पावणेसहा तास. रस्त्याने सात-आठ. वाचले जेमतेम दीड-दोन तास, आणि विमानतळापर्यंतच्या गाडीचं भाडं वेगळं. चौघं जाणार असतील तर घरची गाडीच परवडते. मंगळवेढ्याचं गणित या दोघांच्या मधलं.

थोडक्यात, विमान एकच, पण फायदा तालुक्यागणिक वेगळा. विमानतळाच्या पूर्वेला राहणाऱ्याला जास्त, पश्चिमेच्या माणसाला कमी.

यावर उपाय आकाशात नाही, जमिनीवर आहे. विमानाच्या वेळेला जोडून तालुक्याच्या स्टँडवरून थेट विमानतळापर्यंत एसटी सुटली, तर गावच्या माणसाचं गाडीभाडं वाचेल आणि स्टँडवर उतरून रिक्षा शोधायची वेळही येणार नाही. ग्रामपंचायतींनी तसे ठराव करून आगाराकडे द्यायला हरकत नाही.

चिमणीवरून सभासद शेतकऱ्यांनी बरंच सोसलं. ते विमान फक्त शहराचं राहू नये, एवढी अपेक्षा चुकीची नाही. तोवर तिकीट काढण्याआधी विमान कोणत्या दिवशी, किती वाजता ते बघा आणि आपल्या घरापासूनचे तास मोजा.