एआय आधी कारकुनीला लावा

‘एआय आलं की मास्तर घरी’ असं एक बाजू म्हणते, तर ‘एआय लॅब काढली की शाळेचा कायापालट’ असं दुसरी. अंबरनाथ पश्चिमेतल्या नगरपरिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत दोन्ही दावे टिकत नाहीत. तिथल्या मुख्याध्यापकांची अडचण वेगळीच आहे. यू-डायस पोर्टलवरची शाळेची माहिती, आधार पडताळणी, पोषण आहाराची नोंद, पॅट चाचणीचे गुण हे सगळं भरून झाल्यावर वर्गावर जायचं कधी?

शंका घेणाऱ्यांकडे दाखले आहेत. राज्याच्या विद्या समीक्षा केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये हजेरीसाठी चॅटबॉट आणला. जिथे कागदी हजेरीपट सुटला नाही, तिथे एकच हजेरी दोनदा भरावी लागली. लॉस एंजेलिसच्या शाळा-जिल्ह्याचे अधीक्षक अल्बर्टो कार्व्हालो यांनी मार्च २०२४ मध्ये ‘एड’ हा चॅटबॉट वाजतगाजत आणला. तीन महिन्यांत तो बनवणाऱ्या कंपनीने बहुतेक कर्मचारी घरी बसवले आणि बॉट बंद पडला.

मात्र या दाखल्यांतून एआय निरुपयोगी ठरत नाही. चुकली ती अंमलबजावणी. एकीकडे जुनं काम कमी न करता नवं लादलं गेलं, दुसरीकडे सगळा डोलारा एकाच कंपनीवर उभा राहिला. रँड या अमेरिकी संशोधन संस्थेच्या पाहणीनुसार शिक्षकांना एआयचं प्रशिक्षण देणारे अमेरिकी शाळा-जिल्हे २०२३ मध्ये २३ टक्के होते, वर्षभरात ४८ टक्के झाले. म्हणजे तिथल्या अनेक अधिकाऱ्यांनी आधी शिक्षकांची तयारी हाती घेतली.

उपयोगाची कामं इथेही समोर दिसतात. गुगलच्या ‘रीड अलाँग’ या वाचनाच्या अ‍ॅपमधली दिया ही बोलकी मदतनीस मुलाचं मराठी वाचन ऐकते. अडलेल्या शब्दावर बोट ठेवलं की तो उच्चारून दाखवते, आणि गोष्टी आधी उतरवून घेतल्या तर इंटरनेटही लागत नाही. साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाचं वाचन रोज ऐकणं एका बाईंना जमणारं नाही. पालकसभेची सूचना हिंदी, तेलुगू किंवा सिंधीत हवी असेल, तर केंद्र सरकारची ‘भाषिणी’ ही भाषांतर-सेवा कच्चा मसुदा देते. तो तपासायला मात्र माणूसच हवा.

मुलांच्या माहितीचा प्रश्न उरतोच. २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती हा मूळ नियम आहे. ती संमती मिळवण्याची जबाबदारी अधिकाऱ्यांनी घ्यावी, वर्गशिक्षकांवर ढकलू नये.

जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाला पुढच्या परिपत्रकात एआयचं एखादं काम वाढवायचं असेल, तर त्या कामापोटी कोणतं रजिस्टर बंद झालं, हेही त्याच कागदावर छापावं.