तालमीविना प्रयोग

चकलीचा पहिला घाणा तेलात सोडताना गृहिणीचा जीव थोडा वरखाली होतोच. चकली तेलात विरघळू लागली तर भिजवलेल्या पिठात आणखी पीठ घालायचे, दगडासारखी झाली तर पुढच्या खेपेला मोहन वाढवायचे. दोनचार चकल्या फुकट जातात, पण पुढचा डबाभर जिन्नस साधतो. आता समजा, कुणी असा कायदा केला की पहिला घाणा थेट पाहुण्यांच्या ताटात पडला पाहिजे, तर? फॉर्म्युला वन या मोटारींच्या शर्यतींत २००९ पासून थोडाफार असाच कायदा आहे.

त्याआधी श्रीमंत संघांची मोठी चैन असे. इटलीच्या फेरारीने तर आपल्या कारखान्याजवळ फियोरानो येथे स्वतःचा शर्यतमार्गच बांधून ठेवला आहे. दिवसभर गाडी पळवायची, संध्याकाळी खोड काढायची, रात्री दुरुस्ती करायची आणि सकाळी पुन्हा पळवायची. ज्याची थैली मोठी त्याची तालीम मोठी! पुढे २००८ ची जागतिक मंदी आली आणि होंडासारख्या बड्या कंपनीनेही त्या डिसेंबरात या शर्यतींतून अंग काढून घेतले. तेव्हा खर्चाला लगाम घालण्यासाठी मोसम चालू असतानाच्या चाचण्या बंद करण्यात आल्या. नंतर अधूनमधून थोडी सवलत मिळाली, पण ते जुने दिवस काही परत आले नाहीत.

मग संघ वळले वाऱ्याच्या बोगद्याकडे. गाडीची छोटी प्रतिकृती बोगद्यात ठेवून तिच्यावर वारा सोडायचा आणि तो गाडीला जमिनीवर किती दाबून धरतो हे मोजायचे. पण तिथेही नियम आलेच. प्रतिकृती खऱ्या गाडीच्या ६० टक्क्यांहून मोठी नको आणि वारा सेकंदाला ५० मीटरहून अधिक वेगाचा नको. शिवाय बोगद्याचा वेळ शिधापत्रिकेवरच्या साखरेसारखा मोजून मिळायचा. त्यातली गंमत अशी की २०२२ पासून अव्वल संघाला ठरल्या मापाच्या ७० टक्के वेळ, तर दहाव्या संघाला ११५ टक्के. पडलेल्याला दोन घास जास्त, एवढीच काय ती दया!

या नियमांत एखादा घसरलेला संघ पुन्हा उभा राहतो कसा, याचे उदाहरण म्हणजे इंग्लंडमधल्या वोकिंगचा मॅक्लारेन. घराणे मोठे, पण संघांचे अजिंक्यपद १९९८ नंतर हाती लागलेले नव्हते. २०२३ च्या फेब्रुवारीत नव्या गाडीचे अनावरण झाले. अशा समारंभात सगळेच आपल्या गाडीची तोंड भरून स्तुती करतात. मॅक्लारेनचे नवे प्रमुख आंद्रेआ स्टेला यांनी मात्र तिथेच कबूल केले, की या गाडीवर आम्ही पूर्ण समाधानी नाही.

त्या वर्षी मोसमापूर्वीची चाचणी बहारीनमध्ये होती; अवघे तीन दिवस आणि संघाला एका वेळी एकच गाडी. तीच लँडो नॉरिसने चालवायची आणि तीच पहिल्याच मोसमाला उतरलेल्या ऑस्कर पियास्त्रीनेही. मग ५ मार्चची पहिली शर्यत आली. पियास्त्रीची गाडी अर्ध्यातच बंद पडली आणि नॉरिसला सहा वेळा दुरुस्तीच्या आवारात यावे लागून तो सतरावा आला. पहिल्या दोन शर्यतींत मिळून संघाला एकही गुण नाही!

त्याच मार्चमध्ये स्टेला यांनी घराची मांडणी बदलली. तंत्रविभागाच्या एकाच प्रमुखाचे पद मोडून ते काम तिघांत वाटले. जुलैच्या आरंभी सुधारलेले भाग तयार झाले, तेही ऑस्ट्रियात एकट्या नॉरिसच्याच गाडीला पुरले. तो चौथा आला. आठवड्याने सिल्व्हरस्टोनला नॉरिस दुसरा आणि पियास्त्री चौथा! लक्षात घ्या, वोकिंगचा नवा कोरा बोगदा त्या ऑगस्टमध्ये सुरू झाला. जुलैची ही करामत जर्मनीतल्या कोलोनच्या भाड्याच्या बोगद्यावरच झालेली होती. म्हणजे अवजारे जुनीच होती. बदलली होती ती माणसांची बसण्याउठण्याची रीत.

वर्षअखेर संघ ३०२ गुणांसह चौथा आला. २०२४ मध्ये २६ वर्षांनी संघांचे अजिंक्यपद घरी आले, २०२५ मध्ये ते राहिले आणि नॉरिस चालकांचाही विजेता झाला. आणि हे दुसरे अजिंक्यपद आले तेव्हा विजेता म्हणून बोगद्याचा सर्वांत कमी वेळ मॅक्लारेनच्याच वाट्याला होता.

तालीम कमी झाली म्हणून हळहळणाऱ्यांना एक आठवण द्यावीशी वाटते. या संघाचा संस्थापक ब्रूस मॅक्लारेन हा न्यूझीलंडचा तरुण. १९६३ मध्ये त्याने संघ काढला आणि २ जून १९७० रोजी इंग्लंडमधल्या गुडवूड येथे तो गेला. तो गेला शर्यतीत नव्हे, गाडीची चाचणी घेताना. मागचा सांगाडा उडाला आणि गाडीवरचा ताबा सुटला. वय ३२. प्रेक्षकांवाचूनच्या त्या फेऱ्यांनाही किंमत पडत असे, आणि ती कधी कधी पैशांत मोजण्यासारखी नसे.

अर्थात तालीम तोडल्याने नवख्या चालकावर अन्याय होतो, हेही खरेच. पण तालीम थोडी असली की दोष झाकून ठेवणे परवडत नाही, हेही तितकेच खरे. रोज चाचणी घेता येत असती, तर ‘उद्या बघू’ म्हणून एखादी खोड आठवडाभर दडवता आली असती. तीनच दिवस हाती असताना पहिल्या दिवशी जो ‘चुकले आहे’ म्हणतो, त्याला दुरुस्तीला निदान दोन दिवस तरी उरतात.